काम अर्धे टाकून उठावे

बँकेत चौतीस वर्षे नोकरी केल्यामुळे एक गोष्ट माझ्या अंगी पुरती मुरली आहे. हाती घेतलेले काम पुरे झाल्याशिवाय जागेवरून उठायचे नाही. आमच्या काळी शाखेत संगणक नव्हते. सायंकाळी रोख मोजून झाली, जमा आणि नावे या दोन्ही बाजू पैशापर्यंत जुळल्या, तिजोरीला दोघांच्या किल्ल्या लागल्या, की मगच घराची आठवण यायची. एका रुपयाचा फरक शोधण्यासाठी रात्री नऊपर्यंत बसल्याचे प्रसंग थोडेथोडके नाहीत, आणि त्यांचा मला आजही अभिमान वाटतो.

तरीही आजच्या या लेखात मी वाचकांना नेमके उलट सांगणार आहे. चैत्र सरून वैशाख लागला, डोक्यावर ऊन तापू लागले आणि दुपारनंतर क्षितिजावर ढग जमू लागले, की ‘एवढे संपवून उठते’ हे वाक्य घरातून हद्दपार करावे. हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. एकदा माहेरच्या खळ्यावर आणि एकदा माझ्याच शाखेत, फार मोठी किंमत मोजून ते पदरात पडले आहे.

माझे माहेर सांगली जिल्ह्यातले. घरची शेती आणि त्यात हळद. हळद काढली की ती शिजवायची आणि मग दहा-पंधरा दिवस खळ्यावर उन्हात वाळवायची. हे काम उन्हाळ्यात येते आणि वळवाचा पाऊसही त्याच दिवसांत येतो. त्यामुळे हळद वाळत असताना घरातल्या प्रत्येकाचा एक डोळा आभाळाकडे असायचा. १९७० सालचा उन्हाळा होता आणि मी अकरा वर्षांची होते. दुपारी इतके उकडत होते की झाडाचे पानसुद्धा हलत नव्हते. चारच्या सुमारास पश्चिमेकडे ढग काळवंडले, दूरवर गडगडाट ऐकू आला आणि आम्ही लहानमोठे सगळेच खळ्याकडे धावलो. हळद ढिगांनी गोळा केली आणि त्यांवर ताडपत्री ओढली. आजी सोप्यातून ओरडत होती, “ऱ्हाऊ द्या ती हळद, आत या समदी!” आम्ही सगळे आत आलो. धाकटे काका मात्र मागे फिरले. ताडपत्रीचे एक टोक वाऱ्याने उडत होते. “एवढं टोक दाबून आलोच,” हे त्यांचे शेवटचे शब्द.

टोकावर दगड ठेवून होईपर्यंत पावसाची जोरदार सर आली आणि काका खळ्याच्या कडेच्या चिंचेखाली उभे राहिले. पुढच्या क्षणी डोळे दिपवणारा उजेड झाला आणि त्याबरोबरच आवाज. काका झाडाखाली पडले होते. त्यांच्या अंगावर फारशी जखमही दिसत नव्हती.

त्यानंतरचे मला अधिक आठवते. माणसे धावली खरी, पण चार पावलांवर थांबली. कोणीतरी म्हणाले, “हात लावू नका, अंगात वीज असती.” पाऊस थांबेपर्यंत कोणी त्यांना शिवले नाही. पुढे गावात बोलले गेले की काका पायाळू होते आणि पायाळू माणसावर वीज पडतेच. आजीने ते मुकाट ऐकून घेतले. कितीतरी वर्षे मीही ते खरे मानत होते.

आज मला ठाऊक आहे की या दोन्ही समजुती निराधार आहेत. जन्मताना डोके आधी आले की पाय, याच्याशी विजेचे काही देणेघेणे नाही. आणि वीज अंगात साठून राहत नाही. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला लगेच हात लावता येतो, किंबहुना लगेच लावलाच पाहिजे. अशा वेळी पुष्कळदा हृदय आणि श्वास एकदम थांबतात. त्याच क्षणी सपाट जमिनीवर निजवून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने, भराभर, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने दाब देत राहिले आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली, तर काही जीव परत येतात. काका परत आले असते असे मी म्हणत नाही. पण प्रयत्न करण्यासारखे काहीतरी होते आणि आम्ही चार पावलांवर उभे होतो, हे शल्य आता वयाच्या सहासष्टाव्या वर्षीही जात नाही.

दुसरा प्रसंग १९९५ सालच्या जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला. माझी बदली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका लहान गावी झाली होती. मृग अजून लागायचा होता. विदर्भात पाऊस येईपर्यंत उन्हाळा सरत नाही, हे तिकडे राहिलेल्यांना सांगायला नको. महिन्याचा पहिला आठवडा म्हणजे निवृत्तिवेतनाचे दिवस. शाखेची जागा अपुरी असल्यामुळे रांग बाहेर पत्र्याच्या छपराखाली लागायची. त्या दिवशी एका खातेवहीतली बाकी जुळत नव्हती, आणि ती जुळल्याशिवाय पुढची पाने उघडायची नाहीत असे मी ठरवले होते.

रांगेतले एक निवृत्त गुरुजी खिडकीशी आले आणि काहीतरी असंबद्ध बोलू लागले. आपले टोकन हातात असताना ते टोकन मागत होते. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि कपाळावर घामाचा थेंबही नव्हता. मला वाटले, उशीर झाल्यामुळे ते चिडले आहेत. मी म्हटले, “गुरुजी, दहा मिनिटे बसा, एवढे पान संपवते.” ते वळले आणि तिथेच कोसळले.

त्यांना वाचवले ते आमच्या शिपायाने. “मॅडम, गुरुजीले ऊन लागलं जी,” असे म्हणत त्याने कोणाची वाट न पाहता त्यांना उचलून आत कूलरसमोर आणले, सदरा सैल केला आणि पिण्याच्या पाण्याचा अख्खा माठ त्यांच्या अंगावर ओतला. नाण्यांच्या गोणपाटाच्या पिशव्या भिजवून काखेत, मानेवर आणि मांड्यांवर ठेवल्या. मी पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावू लागले, तर त्याने माझा हात धरला. बेशुद्ध माणसाला पाणी पाजले तर ते फुप्फुसात जाते, हे मी एम.कॉम. झालेली बाई जाणत नव्हते आणि तो जाणत होता. जीप मिळून दवाखान्यात पोहोचायला पाऊण तास लागला, पण वाटेतही तो पाणी शिंपडत राहिला. डॉक्टरांनी सांगितले की आधी अंग थंड केले म्हणूनच हा माणूस वाचला.

गुरुजी बरे होऊन दोन महिन्यांनी शाखेत आले. त्यांनी मला एक शब्दही लावला नाही, उलट आभार मानले. माझी मान मात्र वर होईना. चूक शिपायाची नव्हती, रांगेची नव्हती आणि उन्हाचीही नव्हती. ज्या माणसाला त्या क्षणी उठून सावलीत आणायला हवे होते, त्याला मी दहा मिनिटे थांबायला सांगितले होते, तेही एका पानासाठी. पुढच्या महिन्यापासून वृद्धांचे निवृत्तिवेतन शाखा उघडताच पहिल्या तासात द्यायचे, सर्वांना आत बसवायचे आणि रांगेत पाणी फिरवायचे असे आम्ही ठरवले. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. ती व्यवस्था आदल्या महिन्यातही करता आली असती.

त्यानंतर मी हा विषय समजून घेण्याचा प्रयत्न केला. आयुष्य हिशेबात गेल्यामुळे मला तो हिशेबाच्या भाषेतच उमगला. शरीरात उष्णता सतत जमा होत असते आणि ती सतत खर्चही करावी लागते. बाहेरची हवा त्वचेहून थंड असेल तर उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा त्वचेहून तापली, म्हणजे पारा पस्तिशीच्या वर गेला, की खर्चाची एकच वाट उरते, ती म्हणजे घाम सुकणे. घाम तयार व्हायला पाणी हवे आणि तो सुकायला कोरडी हवा हवी. पाणी कमी पडले किंवा हवा दमट झाली, की ती वाटही बंद होते आणि आतली उष्णता साठत जाते. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाऊन माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, की तो उष्माघात समजावा. घाम थांबणे हे वृद्धांमधले ठळक लक्षण आहे, पण उन्हात कष्ट करणाऱ्याला घाम येत असतानाही उष्माघात होऊ शकतो. म्हणून घामापेक्षा बोलण्याकडे लक्ष द्यावे. नेहमीचा शहाणा माणूस वेड्यासारखे बोलू लागला, तर त्याच्याशी वाद न घालता त्याच्यावर पाणी ओतावे. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, कारण हा ताप आजाराचा नसतो.

हवामान खात्याच्या नियमानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक वाढले, अथवा पारा थेट ४५ अंशांवर पोहोचला, तर उष्णतेची लाट मानतात. किनारपट्टीसाठी हीच मर्यादा ३७ अंशांपासून सुरू होते, कारण तिथली हवा दमट असते. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर भर उन्हात चाललेल्या सोहळ्यात १४ जणांना प्राण गमवावे लागले. त्या दिवशी तिथे विदर्भासारखे तापमान नव्हते. उघडे मैदान, दमट हवा आणि कितीतरी तास बसून राहणे, एवढेच पुरेसे ठरले. तेव्हा ‘आमच्याकडे कुठे पंचेचाळीस होते?’ असे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. लग्नाच्या वराती, मिरवणुका आणि उघड्यावरचे सत्कार आपण वैशाखातच ठेवतो. अशा कार्यक्रमातून मध्येच उठून सावलीत जाणे हा यजमानांचा अपमान नव्हे, हे सर्वांनीच एकदा ठरवून टाकावे.

दुसरा मुद्दा रात्रीचा. रात्र थंड असेल तर दिवसाची थकबाकी शरीर फेडून टाकते. रात्रीही घर तापलेलेच राहिले, तर ती बाकी दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर चढते. म्हणून लाटेच्या पहिल्या दिवसापेक्षा तिसरा-चौथा दिवस वृद्धांना जड जातो. अहमदाबादेत मे २०१० मध्ये अशा लाटेने फार मोठी हानी केली. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासकांनी नंतर दाखवून दिले. त्यातून धडा घेऊन २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा आखला. त्यात फार खर्चिक असे काही नव्हते. आगाऊ सूचना, पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी आणि लोकांना माहिती, एवढ्यावरच भर होता. शहराने केले ते घरालाही करता येते.

आमच्या घरी ते उशिराच सुरू झाले. सासूबाईंचे वय अठ्ठ्याऐंशी. सूर्यास्तानंतर पाणीही घ्यायचे नाही, हा त्यांचा साठ वर्षांचा नियम. दोन वर्षांपूर्वी, एकाशनाच्या दिवशी, दुपारी चार वाजता त्या वरच्या खोलीत दार लावून जप करीत बसल्या होत्या. वर स्लॅब तापलेला होता. मी सहज डोकावले तर त्या भिंतीला टेकून निपचित बसलेल्या, ओठ कोरडे पडलेले. ओल्या कापडाने अंग पुसले, खाली आणले, डॉक्टर आले आणि वेळ निभावली. सायंकाळी त्या म्हणाल्या, “चक्कर मघापासून येत होती गं, पण माळेतले वीसच मणी राहिले होते.” मला चिंचेखालचे काका आठवले, आणि आपले खातेवहीचे पानही आठवले. त्यांना मी काय बोलणार?

त्यांच्या नियमाला कोणीही हात लावलेला नाही. बदल आम्ही दिवसाच्या आखणीत केला. वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट पाहायची नाही. सकाळी गाळून, उकळून निववलेले पाणी दोन लिटरच्या झाकणाच्या भांड्यात त्यांच्याजवळ ठेवतो आणि ते सूर्यास्तापूर्वी रिकामे व्हायचे असते. नातू वहीत पेल्यांची नोंद करतो. एकाशनाच्या दिवशी एका वेळेतच सारे पाणी घ्यायचे असते. ते पुरेसे नसते, म्हणून उष्णतेचा इशारा असलेल्या दिवसांत एकाशन न करता ते पुढे करायचे, हे त्यांनी स्वतःच ठरवले. दुपारी बारा ते चार त्यांनी खालच्या खोलीत बसायचे आणि चक्कर, मळमळ, पायात गोळे यांपैकी काहीही झाले तर माळ तिथेच ठेवून हाक मारायची, एवढे वचन आम्ही घेतले आहे. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. यांपैकी काही गोळ्यांनी शरीरातले पाणी कमी होते, म्हणून उन्हाळा लागण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घेतले. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे आणि मिठाचे प्रमाणही विचारूनच ठरवावे. इतरांसाठी एक लिटर शुद्ध पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे साधे पेय उत्तम. प्रमाण मात्र मोजूनच घ्यावे.

आता विजेविषयी. ज्या उन्हाने जमीन तापते तेच ऊन वळवाला जन्म देते. तापलेली हवा वर चढते, समुद्राकडून आलेले बाष्प तिच्याबरोबर उंच जाते आणि दुपारनंतर तासाभरात आभाळ भरते. म्हणून फार उकडलेल्या दिवसाची संध्याकाळ जपावी. विजेने आपल्या देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे मरतात, आणि त्यांत शेतात काम करणाऱ्यांचा वाटा फार मोठा असतो.

यातही एक साधा हिशेब आहे. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. तिसाच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्यावरही पडू शकते. तेव्हा काम टाकून पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे. मोजणे जमले नाही तरी गडगडाट ऐकू आला, हीच उठण्याची सूचना समजावी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पाऊस थांबला म्हणून धोका टळत नाही. झाडावर पडलेली वीज खोडावरून शेजारच्या माणसावर उडी घेते आणि मुळांभोवतीच्या जमिनीतूनही पसरते, म्हणून झाडाखाली भिजण्यापासून बचाव होतो, विजेपासून नाही. चहूबाजूंनी उघडे पत्र्याचे छप्परही सुरक्षित नाही. उघड्या रानात काहीच आसरा नसेल तर झाडापासून दूर, सखल जागी, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे मात्र पडू नये. घरातही नळाखाली अंघोळ, भांडी घासणे आणि भिंतीत जोडलेल्या उपकरणांना हात लावणे तेवढ्यापुरते थांबवावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइलवरील ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ते असावे. शहरातल्या वाचकांनीही वादळात जाहिरातींच्या फलकांखाली थांबू नये. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे असा फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जण दगावले.

जुन्या सवयीने बँकेची एक गोष्ट सांगून ठेवते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वीस रुपये दरवर्षी मे महिन्याअखेर खात्यातून वळते होतात आणि १८ ते ७० वयापर्यंत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. वीज पडून झालेला मृत्यूही त्यात येतो. मे महिन्यात खात्यात तेवढी शिल्लक ठेवावी. आपल्या शेतावर राबणाऱ्या गड्यांच्या खात्यांचीही चौकशी करावी, कारण उन्हात आणि पावसात आपल्यापेक्षा तेच अधिक असतात. दुपारी बारानंतर त्यांना सुट्टी देणे हे मात्र कोणत्याही विम्याहून मोठे.

यंदा पहिला वळीव आला त्या दिवशी आम्ही गच्चीवर शेवया वाळत घातल्या होत्या. पश्चिमेला गडगडले तेव्हा अर्ध्याच काढून झाल्या होत्या. सूनबाई म्हणाली, “आई, दोनच काठ्या राहिल्यात, घेऊन येऊ?” तिच्या मनातले मला कळत होते. ते पीठ तिने पहाटे उठून मळले होते. मी तिचा हात धरून जिना उतरले आणि दार लावून घेतले. सासूबाईंनी माळ खाली ठेवून विचारले, “सगळी आत आली का?” सगळी आत आली होती. शेवया भिजल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पीठ मळायला घेतले.